माकडाच्या हाती वस्तरा

माकडाच्या हाती काय द्यावे, याविषयी मराठी आणि हिंदी या दोन भगिनींचे एकमत नाही. मराठी त्याच्या हाती कोलीत देते, हिंदी उस्तरा देते. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून दोन्ही भाषांचे मीठ खाल्लेल्या आम्हां इंदूरकरांस या मतभेदाची नुसती गंमत वाटत आली आहे. परंतु या बाबतीत हिंदीचा अनुभव अधिक खोल असला पाहिजे, असे आमचे मत २०२० सालच्या एप्रिल महिन्यात झाले. त्या वेळी आम्ही लोकमान्य नगरातील आमच्या घरी आरशासमोर उभे होतो, हाती आजोबांचा वस्तरा होता, आणि डाव्या गालावरून रक्ताची एक बारीक रेघ साबणाच्या फेसातून वाट काढीत हनुवटीकडे चालली होती.

प्रसंग असा घडला. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस शहरात संचारबंदी लागली. केशकर्तनालयांना कुलपे पडली, आणि दर बुधवारी व रविवारी घरी येऊन आमच्या वडिलांची श्मश्रू करणारे कारागीर आपल्या गावी अडकून पडले. आमच्या वडिलांना घरीदारी सर्व जण नाना म्हणतात. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी होते. वयाच्या अठराव्या वर्षापासून ऐंशी उलटेपर्यंत त्यांनी आपली दाढी आपल्याच हाताने आणि उघड्या वस्तऱ्याने केली. पुढे कंपवाताने त्यांचा उजवा हात धरला. एके सकाळी त्यांनी वस्तरा पुसला, तेलाचे बोट लावून पेटीत ठेवला आणि पेटी कपाटाच्या वरच्या खणात सरकवली. त्याविषयी घरात एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून कारागीर येऊ लागले.

टाळेबंदीचा पंधरवडा लोटला तेव्हा नानांच्या गालांवर पांढरे खुंट चांगलेच माजले होते. पुण्याहून नातीचा दूरध्वनी येई, चेहरा दिसणारा. त्या वेळी नाना भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेत. हे प्रथम ताडले आमच्या सौभाग्यवतींनी. आम्ही आमचे विजेवर चालणारे यंत्र घेऊन नानांच्या खोलीत गेलो. यंत्र सुरू करताच ते म्हणाले, "बंद कर तो भुंगा."

"नाना, पाच मिनिटांत होईल. कापण्याची भीती नाही."

"गवत कापायचे आहे का? कपाटात माझा वस्तरा आहे."

"तो मला चालवता येत नाही, नाना."

"मग शीक. तुझा चेहरा आहे की तुझ्याजवळ. आधी त्यावर शीक, मग माझ्याकडे ये."

तीस वर्षे दुसऱ्यांस शिकविण्यात घालविलेल्या मनुष्यास वयाच्या पन्नाशीनंतर 'मग शीक' हे शब्द कसे लागतात, हे शिक्षकी पेशातील वाचकांस सांगावयास नको. पण शाळा बंद होती, रस्ते बंद होते, वेळ उदंड होता. आम्ही पेटी खाली काढली.

पेटीत वस्तरे दोन होते. पूर्वी विलायती वस्तरे पुष्कळदा जोडीने विकले जात. एक वापरात असता दुसऱ्यास विश्रांती मिळावी, हा हेतू. आठवड्याच्या सात वारांचे सात वस्तरे असलेल्या पेट्याही निघत. आमचे आजोबा होळकर दरबारच्या महसूल खात्यात कारकून होते; कारकुनाच्या मिळकतीत दोनच बसले असावेत. पात्याच्या शेपटावर 'झोलिंगेन' हे जर्मन गावाचे नाव कोरलेले आहे. युरोपात वस्तऱ्यांची दोन काशी-प्रयागे, एक इंग्लंडातील शेफील्ड आणि दुसरे हे. शेफील्डला बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद काढण्याची युक्ती साधली, आणि त्यानंतर कठीण धारेचे वस्तरे सर्वत्र मिळू लागले. झोलिंगेनच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात पात्याच्या दोन्ही बाजू आतून कोरून ते कागदासारखे पातळ करण्यात नाव मिळविले. असे पाते गालावरून जाताना मंद आवाज करते. नाना त्याला 'वस्तरा बोलतो' म्हणतात. डोळे मिटूनही त्यांना आवाजावरून कळते की हात बरोबर चालला आहे की नाही. हे आम्हांस पुढे फार महागात पडले.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. मराठीच्या मास्तराकडून वाचकांची तेवढी अपेक्षाही असेल. वस्तरा हा शब्द फारसीतील 'उस्तुरा'वरून आपल्याकडे आला. हजामत हा अरबी; त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे, कारण ते काम आणि केस काढण्याचे काम एकाच कारागिराकडे असे. आमच्या पहिल्या आठवड्यातील हजामत ही या मूळ अर्थाला अगदी धरून होती. श्मश्रू म्हणजे तर प्रत्यक्ष दाढीच. तरी 'श्मश्रू केली' म्हणजे ती काढून टाकली, आणि 'दाढी केली' याचाही अर्थ तोच. जी वस्तू नाहीशी करावयाची तीच 'केली' असे म्हणणारी आपली भाषा मोठी लोकविलक्षण खरी. संस्कृतातला वस्तरा तो क्षुर. त्यावरून क्षौर झाले, आणि आपल्या स्वयंपाकघरातील सुरी त्याच कुळातील. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली. तीच पुढे सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाने आपल्या १९४४ च्या कादंबरीच्या नावाला घेतली. आपल्याकडे संत सेना महाराजांनी तर आपल्या धंद्यातील आरसा, चिमटा आदी उपकरणांतून सगळा परमार्थ उभा केला. ज्या हत्याराने इतक्या जणांना विचार करावयास लावले, त्यात काही तथ्य असले पाहिजे, असे मनाशी म्हणून आम्ही धीर गोळा केला.

स्वतःची दाढी स्वतः करणे ही गोष्टही वाटते तितकी जुनी नाही. पॅरिस शहरी सुऱ्या-कात्र्या घडविणारा झां-झाक पेरे नावाचा कारागीर होता. त्याने १७६९ साली, मनुष्याने स्वतःची दाढी स्वतः करण्यास कसे शिकावे, एवढ्याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. तोवर प्रतिष्ठित माणूस न्हाव्यापुढे मान देऊन बसे. पेरे स्वतः वस्तऱ्यांचा विक्रेता होता, तेव्हा या लोकशिक्षणात त्याचा स्वार्थ नव्हता असे नाही. पुढे मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने, विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध होण्यापूर्वी, जेम्स स्टोडार्ट या कारागिराबरोबर पोलादावर प्रयोग केले. आपल्या दक्षिण देशातून तिकडे जाणारे, 'वुट्झ' म्हणून ओळखले जाणारे पोलाद इतके उत्तम का, हे त्यांना शोधावयाचे होते. १८२० च्या सुमारास त्यांनी निरनिराळ्या धातूंचे मिश्रण करून जी पोलादे बनविली, त्यांचे वस्तरे फॅरडेने मित्रांस भेट दिले. मित्राला वस्तरा भेट देण्याची कल्पना आमच्या सौभाग्यवतींस मुळीच पसंत पडली नाही.

पहिला धडा धारेचा. वस्तरा गालाला लावण्यापूर्वी चामोटीवर पलाटावा लागतो. चामोटी म्हणजे हातभर लांब चामड्याचा पट्टा, एक टोक खुंटीला, दुसरे डाव्या हातात ताणून धरलेले. पाते तिच्यावर आडवे टेकवावे. पाठ व धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली असावी, आणि पाठ पुढे, धार मागे, अशा रीतीने ओढावे. टोकाशी आले की पाते पाठीवर कुशीस वळवावे, धारेवर कधीही नाही, आणि तसेच परत आणावे. असे पन्नास-साठ फेरे. याने लोखंड झिजत नाही. धारेचे जे सूक्ष्म टोक वापराने वाकडेतिकडे होते ते पुन्हा एका रेषेत येते. मानवी केस पोलादाहून कितीतरी पट मऊ, मग त्याने धार बिघडते कशी, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हा आला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. दाढीचे पाते केस कापताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी दाखविले, की केस कापला जाता जाता वाकतो, त्या वाकण्याने धारेवर तिरका ताण पडतो, आणि पोलादाची अंतर्रचना जेथे असमान असेल तेथे धारेचा बारीक कपचा उडतो.

नाना पलंगावर उशीला टेकून बसत आणि आम्ही खिडकीच्या गजाला चामोटी अडकवून फेरे मारीत असू. ते आकडे मोजीत नसत, कान देऊन ऐकत. "पाठ उचललीस." "घाई करू नकोस, गाडी सुटत नाही." तिसऱ्या दिवशी आमचा हात बसला असे आम्हांस वाटले, आणि न्हाव्यांच्या दुकानात पाहिलेली ती फटाफट गती आम्ही आणू गेलो. वळविताना पाठीऐवजी धार खाली आली. खर्र असा आवाज झाला. चामोटीच्या मधोमध बोटभर लांबीची तिरकी चीर पडली.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती तुझ्या आजोबांची होती. मी साठ वर्षे वापरली." आणि भिंतीकडे वळले.

शाळेत मुलाने बाकाला चीर पाडली तर आम्ही त्याला काय काय ऐकवितो, ते सगळे त्या दुपारी आम्हांस एकामागून एक आठवले. वाटले, पेटी पुन्हा वरच्या खणात जावी, आणि दाढीचे काय व्हायचे ते होवो. संध्याकाळी चहाच्या वेळी नानाच म्हणाले, "रद्दीतला कागद घे. फळीवर ताणून बसव. त्यावर पलाट. कागद फाटला तर पैसा जात नाही." वर्तमानपत्राच्या कागदावर वस्तरा खरोखरच चांगला लागतो. नवशिक्याने तर चामडे विकत आणण्याआधी महिनाभर कागदावरच हात बसवावा, असे आता आमचे स्पष्ट मत आहे. आमचे पुष्कळसे शिक्षण २०१९ सालच्या क्रिकेटच्या बातम्यांवर झाले.

पलाटणे निराळे आणि धार काढणे निराळे, हेही येथे सांगितले पाहिजे. पलाटूनही वस्तरा ओढू लागला की त्यास दगडावर घ्यावे लागते. इकडे त्या दगडाला सिल्ली म्हणतात. वस्तऱ्याच्या घडणीतील चातुर्य येथे दिसते. पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांचे प्रमाण असे राखलेले असते, की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली की सुमारे सोळा-सतरा अंशांचा कोन आपोआप साधतो. हाताने कोन धरावा लागत नाही. तरीही पहिल्या वर्षात नवशिक्याने या वाटेस जाऊ नये. जाणत्याकडून धार काढून घ्यावी. हल्ली आठ हजार, बारा हजार अशा क्रमांकांचे बारीक कणांचे कृत्रिम दगड सहज मागविता येतात. ते घरी आले की वस्तरा घासण्याचा मोह होतो, आणि चांगला वस्तरा तासाभरात वाया जातो. आमच्या बाबतीत नानांनी जोडीतील एक वस्तरा आजोबांच्या दगडावर, ओल्या साबणाच्या फेसावर, आमच्या हातावर आपला डावा हात ठेवून वीसेक फेऱ्यांत लावून दिला. दुसरा मुळातच तयार होता. एक आमचा ठरला, एक त्यांचा. वस्तरा दोघांत कधीही सामाईक असू नये, याविषयी पुढे सांगणारच आहोत.

मग पाणी. एखाद्याची 'बिनपाण्याने हजामत' झाली असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या वेदनांचे मर्म आपल्या पूर्वजांनी पाण्याच्या अभावात ओळखले होते हे दिसते. कोरडा केस ताठ असतो, भिजलेला मऊ होतो. पण तो भिजण्यास काही मिनिटे लागतात, आणि हीच मिनिटे आपण आजकाल देत नाही. स्नान आटोपून दाढीस बसावे, किंवा कढत पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर दोन-तीन मिनिटे धरावा. मग ब्रशाने साबणाचा फेस करावा, तो दह्यासारखा दाट व ओलसर असावा. हवेने फुगलेला फेस दिसावयास छान, पण वस्तऱ्याखाली तो वाळतो. डब्यातून दाबून काढलेल्या फेसाबद्दल नानांचे मत येथे छापण्याजोगे नाही.

हात धरण्याची रीत अशी. पाते व दांडी यांत काटकोनाहून अधिक कोन करून दांडी वर उलटलेली असावी. तीन बोटे शेपटाच्या वरच्या बाजूस, अंगठा खालून, करंगळी शेपटाच्या वळलेल्या टोकावर. पाते गालाला समांतर टेकवावे आणि पाठ तिच्या जाडीहून थोडी अधिक उचलावी. सुमारे तीस अंशांचा कोन होतो. कोन याहून मोठा झाला की वस्तरा कापतो, लहान झाला की केस उपटतो. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. आमच्या मते अर्धी विद्या या दुसऱ्या हाताची आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. हालचाल लहान, अंगुळभराची, आणि धारेच्या पुढे सरळ. पाते आडवे, करवतीसारखे, किंचितही सरकता कामा नये. भाजी चिरताना सुरी सरकते तशी ती सरकली की रक्त येतेच. दाब मुळीच नको. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते.

पहिले आठ दिवस आम्हांस फक्त उजव्या गालाची परवानगी होती. वरून खाली, केसांच्या कलाने, कानाशेजारून जबड्यापर्यंत. उरलेला चेहरा आमच्या जुन्या प्लॅस्टिकच्या दाढीयंत्राने उरकावा, असा नियम. हा नियम नवशिक्यांनी अवश्य पाळावा, कारण अर्ध्या तासाने हात थकतो आणि थकलेल्या हाताला संपूर्ण चेहरा करून टाकण्याची घाई होते. आम्ही नवव्या दिवशी परवानगीवाचून डाव्या गालावर गेलो. उजव्या हाताने डावा गाल करताना कोपर आरशाच्या आड येते, पात्याचे टोक दिसत नाही. आरंभी सांगितलेली रक्ताची रेघ ती हीच. आमच्या वस्तऱ्याचे टोक गोलसर आहे म्हणून निभावले. चौकोनी, अणकुचीदार टोकाचा वस्तरा असता तर कान बोलला असता. नवीन घेणाऱ्याने गोल टोकाचा, पाच अष्टमांश इंच रुंदीचा, मध्यम कोरलेला वस्तरा घ्यावा, हा सर्वमान्य सल्ला आमच्या गालाने पडताळून पाहिलेला आहे.

नाना खोलीतून म्हणाले, "आवाज बदलला. डावीकडे गेलास ना?"

ओली तुरटी फिरविली की असे बारीक घाव थांबतात. पुढे घराबाहेर पडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मुखपट्टीने आमची अब्रू झाकली. मुख्याध्यापकाच्या हनुवटीवर कापूस चिकटलेला पाहून मुलांनी काय काय तर्क केले असते ते देवच जाणे. एका महामारीचा एवढा एक उपकार आम्ही मान्य करतो.

हनुवटी व वरचा ओठ ही सर्वांत अवघड ठिकाणे. तेथे केस राठ, आणि हाड वळणाचे. गळ्यावर केसांचा कल निरनिराळ्या दिशांनी फिरतो; कोरड्या दाढीवर बोटे फिरवून तो आधी ओळखून ठेवावा. उलट्या हाताची दाढी, म्हणजे कलाविरुद्ध, पहिले दोन-तीन महिने करूच नये. गाल काचेसारखा गुळगुळीत होत नाही म्हणून खंत बाळगू नये. कचेरीत काय, शाळेत काय, सुलट दोन हातांची दाढी पुरे होते. आणि एक नियम तर भिंतीवर लिहून ठेवावा, की हातातून निसटलेला वस्तरा झेलू नये. पडू द्यावा. खाली पंचा अंथरलेला असला तर धारही वाचते. मुरुम, फोड असलेल्यांनी, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी या छंदापासून दूरच राहावे.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी नाना म्हणाले, "आज पाणी ठेव."

त्या दिवशीच्या आमच्या मनःस्थितीचे वर्णन करण्यास आमची एम.ए.ची पदवी अपुरी आहे. स्वतःच्या चेहऱ्यावर वस्तरा लागला तर लागल्याचे निदान आधी आपल्यालाच कळते. दुसऱ्याच्या गालावर तो आधार नाही. त्यातून म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ आणि सैल, ताणावी तेवढी सरकणारी. कंप हातात होता, मान स्थिर होती, आणि तसे डॉक्टरांना विचारूनही घेतले होते. तरी हात मांडीवर थरथरताना दिसे आणि त्याची लहर खांद्यापर्यंत येते की काय, अशी शंका येई. सौभाग्यवतींनी त्यांचा तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. नाना डोळे मिटून बसले. आम्ही उजव्या कानाशी पाते टेकवले.

पहिल्या हातालाच वस्तरा बोलला. पांढऱ्या केसांचा आवाज काळ्याहून निराळा, अधिक करकरीत असतो, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. चाळीस मिनिटे लागली. मध्ये दोनदा पाणी गरम करून आणावे लागले. या चाळीस मिनिटांत नाना एकदाही 'पाठ उचललीस' म्हणाले नाहीत, याची आम्हांस धास्ती वाटत होती. जबड्याच्या वळणावर एके ठिकाणी, मोहरीएवढे, रक्त आले. पुसले, तुरटी लावली. शेवटी नानांनी डावा हात सोडवून घेतला, गालावरून, मग गळ्याखाली फिरवला, आणि म्हणाले, "उजवीकडे गळ्याखाली राहिली आहे. असू दे. फोन लाव."

सलूनबंदी उठल्यावर कारागीर परत आले. चामोटीवरची चीर पाहून ते हसले, आणि बारीक काचकागदाने कडा घासून, वर तेलाचा हात देऊन, त्यांनी ती पुन्हा कामापुरती करून दिली. चीर दिसते, पण पाते तिच्यावर अडत नाही. त्यांच्या स्वतःच्या धोकटीत मात्र असा वस्तरा नाही. त्यात आहे तो दांडीत अर्धे ब्लेड बसविण्याचा. दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड, आणि ते गिऱ्हाइकासमोर मोडायचे. एड्‌स व कावीळ यांचे विषाणू रक्तावाटे पसरतात हे लोकांना कळू लागले, तसे नव्वदच्या दशकापासून दुकानांतून जुने वस्तरे मागे पडत गेले. ते योग्यच झाले. म्हणूनच घरातही प्रत्येकाचा वस्तरा निराळा असावा, आणि जुन्या बाजारात मिळालेला वस्तरा प्रथम निर्जंतुक करून, जाणत्याकडून धार लावून मगच गालाला लावावा. कारागिरांचे वडील याच जुन्या वस्तऱ्यावर सगळी गल्ली सांभाळीत. ते स्वतः लहानपणी चामोटीवर हात मारावयास शिकले आणि मग ब्लेड आले. आमचा वस्तरा त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला, नखावर अलगद टेकवला, आणि "अजून दोन महिने दगड नको" असा निर्णय दिला. जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने फेकून देण्याच्या पात्यांचा व्यापार १९०३ साली सुरू केला तेव्हा पहिल्या वर्षी अवघी ५१ दाढीयंत्रे आणि १६८ पाती खपली. दुसऱ्याच वर्षी यंत्रांची संख्या ९० हजारांवर गेली. तेव्हापासून वस्तऱ्याचे दिवस भरत आले होते, हे त्या कारागिरांना आमच्या आकड्यांवाचूनही ठाऊक होते.

वापरानंतर पाते गरम पाण्यात धुवावे, पाठीकडून धारेकडे पुसावे, आणि उघडे ठेवून वाळू द्यावे. हे पोलाद गंजते, आणि इंदूरच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंजते. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल लावू नये. आमच्याकडे थंडीत ते पात्यावरच गोठते. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी पेटी कुलपात असावी, आणि विमानाने प्रवास करणाऱ्याने ती हातातील पिशवीत ठेवू नये.

त्या दिवशी जाता जाता कारागिरांनी नानांना विचारले, "मग येत्या बुधवारपासून मी सुरू करू ना?"

नाना थोडा वेळ थांबले. "बुधवार तुमचा," ते म्हणाले, "रविवार याचा. याला अजून गळा येत नाही."